आयली की लायली

डिचोली तालुक्यात बाळंतपणाचा सगळ्यात मोठा वैरी कोण, असं मला कुणी विचारलं तर पुस्तकातलं उत्तर मी देणार नाही. पुस्तकात रक्तस्राव असतो, ताप असतो, आडवं मूल असतं. ते सगळं आमच्याकडेही होतं. पण मी नोकरीत असताना ज्याला मनापासून शिव्या घातल्या, तो वैरी म्हणजे खनिजाच्या ट्रकांची रांग. खाणीपासून नदीच्या धक्क्यापर्यंत मातीने भरलेले ट्रक एकाला एक चिकटून उभे असायचे. त्यात आमची अँब्युलन्स अडकली की पुढे जाता येत नसे आणि मागेही फिरता येत नसे. भोंगा वाजवावा तर समोरचा ड्रायव्हर आरशात बघून हात जोडायचा. त्याचाही इलाज नव्हता.

या अंकाच्या संपादकांनी मला 'सेवेतले सुखद अनुभव' लिहायला सांगितलं आहे. सुखद अनुभव मी माझ्या निरोप समारंभात ऐकले, तेही दुसऱ्यांच्या तोंडून. मी पेडण्याची; नर्स म्हणून डिचोली तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात आले आणि केस पिकेपर्यंत तिथेच राहिले. मला आठवतात ती माणसं मला घाम फोडून गेलेली आहेत. त्यांतलीच एक गोष्ट सांगते.

त्याआधी मुळगावकडच्या एका बाईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुलाचा हात आधी बाहेर आलेला. अशी बाई आमच्याकडे ठेवता येत नाही, म्हापशाला पाठवावी लागते. आम्ही निघालो आणि रांगेत अडकलो. समोरच्या ट्रकच्या मागच्या फळीवर एक गुलाबी कमळ रंगवलेलं होतं. मी तो हात आत धरून बसले होते आणि माझी नजर त्या कमळावर होती. कमळ हललं नाही. बाई वाचली, मूल गेलं. नंतर कित्येक महिने गुलाबी रंगाचं लुगडं दिसलं तरी मी तोंड फिरवायची.

त्यानंतर आमच्या डॉक्टरांनी वर खेटे घालून केंद्राच्या मागच्या दोन खोल्या मिळवल्या. ज्यांचं घर लांब आहे किंवा ज्यांच्या बाळंतपणात धोका दिसतो, त्या बायकांनी दिवस भरायच्या आधीच येऊन तिथे राहायचं. खाट, चूल, न्हाणी आणि हाकेवर मी. कळा सुरू झाल्यावर रस्ता शोधायचा नाही, इतकाच त्यामागचा विचार. बाहेर सरकारी पाटी लागली, 'प्रसूतिपूर्व निवास'. ते नाव पाटीवरच राहिलं. बायका म्हणायच्या 'रावपाची खोली'. रावप म्हणजे राहणं, थांबणं. मला तेच नाव बरं वाटायचं.

खोली मिळाली, पण तिच्यात बाई आणणं हे खोली मिळवण्यापेक्षा कठीण निघालं. बाळंतपण माहेरी नाहीतर सासरी. ही खोली दोन्हीतलं काहीच नाही. सासवा म्हणायच्या, "लोक म्हणटले, सुनेक पोटुशी आसताना घरांतल्यान भायर काडली!" एक सासू तर सुनेवर लक्ष ठेवायला स्वतःच पेजेचं मडकं घेऊन राहायला आली. सून बाळंत होऊन घरी गेली तरी ही बया जायला तयार नव्हती. म्हणाली, घरी सकाळी इतका निवांत चहा-पाव मिळत नाही. तिला उठवायला शेवटी तिच्या नवऱ्याला बोलावून आणावं लागलं.

त्या खोलीत बायका मोकळ्या असायच्या. गरोदर बाईला दिवसभर काम नाही, हे त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलेलं असायचं. म्हणून पुढच्या मुलाबद्दल बोलायची खरी वेळही तीच. बाळंत झालेल्या बाईला शुद्ध येते न येते तोच "आता पुढचं काय?" असं विचारणाऱ्या नर्सा मी पाहिल्या आहेत. ती काय सांगणार? मी आधीपासून थोडं थोडं बोलायची, तेही भाजी निवडता निवडता. गोळ्या आहेत, ऑपरेशन आहे, आणि सवा महिन्याचं न्हाणं झालं की आत बसवता येते ती तांबी आहे. नको वाटली तर काढूनही देते.

या तांबीला आमच्या भागातल्या बायकांनी वेगळंच नाव दिलं होतं. एकीने ट्रेमध्ये ती पाहिली आणि म्हणाली, "ही तर आकडी!" विहिरीत पडलेली कळशी वर काढायला जो लोखंडी आकडा असतो, त्याची ही धाकटी बहीण. नाव गावभर झालं. बायका कानाशी येऊन हळूच म्हणायच्या, "नर्सबाय, आकडी लायशात?" लावाल का, असा त्याचा अर्थ. मला ते नाव कधी आवडलं नाही, कारण आमच्या धंद्यात दुसरीही एक आकडी असते. गरोदर बाईचा रक्तदाब एकाएकी चढतो, डोळे फिरतात, दात बसतात, अंग ताठ होऊन झटके येतात. तिलाही लोक आकडीच म्हणतात. पहिली आकडी बाईला उसंत देते आणि दुसरी जीव घेते. दोघींना एकच नाव असू नये, असं मी सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.

प्रमिला सावंतवाडीकडची, सुर्ल्याला दिलेली. नवरा गुरुदास खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. दोन मुली पाठोपाठ झालेल्या आणि तिसऱ्या खेपेला दिवस गेलेले. पाय सुजून खांबासारखे झाले होते. रक्तदाब बघून डॉक्टरांनी तिला रावपाच्या खोलीत ठेवून घेतलं. मुली सुर्ल्याला सासूकडे राहिल्या.

प्रमिला कमी बोलायची. एका सकाळी माझ्यासोबत भाजी निवडताना मात्र आपणहून म्हणाली, "बाय, ह्या येळी माका आकडी व्हयी. माझ्यात आता जीव नाय रवलो."

"घोवाक सांगितलंस?"

"सांगितलंय."

तिने काय सांगितलं आणि त्याने काय उत्तर दिलं, ते मला दोन दिवसांनी त्याच्याच तोंडून कळलं. गुरुदास ट्रक रस्त्यावर ठेवून आला. दांडगा माणूस, भुवयांवर, मिशीवर तांबडी धूळ. बायकोसाठी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम पाव आणले होते, ते तिच्या हातात दिले. मग मला बाजूला बोलावलं.

"नर्सबाय, एक सांगून दवरतां. चलो जाल्याबगर म्हज्या बायलेक ती आकडी लावपाची न्हय. लायल्यार म्हजेपरस वायट कोण ना."

चलो म्हणजे मुलगा, बायल म्हणजे बायको. मी म्हटलं, "लावायची की नाही ते ती ठरवील. आधी ती धडपणी बाळंत होऊ दे."

"ती कोण थारावपाक?" एवढं बोलून तो निघून गेला. पाव मात्र चांगले होते, मलाही त्यातला एक मिळाला. माणूस असा दोन्हीकडून बघायला मिळतो तेव्हा त्याच्यावर नीट रागावताही येत नाही, आणि माझा तर राग नाकावर.

त्यानंतरच्या आठवड्यातली दुपार. जेवणं झाली होती. प्रमिला माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि कपाळ धरून म्हणाली, "बाय, डोक्यात घण पडतत. डोळ्यांम्होरं काजुले चमाकतत."

काजुले म्हणजे काजवे. भर दुपारी गरोदर बाईला काजवे दिसू लागले की नर्सने बसायचं नसतं. मी तिला आडवी केली, पट्टा बांधला आणि पारा बघून डॉक्टरांना हाक मारली. ते आले तोवर तिचा चेहरा एका बाजूला ओढला गेला, मूठ वळली आणि अंग धनुष्यासारखं ताठ झालं. झटके सुरू झाले.

आमची आया लक्ष्मी कुलेर घेऊन धावली. कुलेर म्हणजे चमचा. आकडी आलेल्याच्या दातांत चमचा घालायचा, अशी समजूत. त्याने दात तुटतात आणि श्वासही अडतो. मी तो तिच्या हातातून हिसकावून फेकून दिला. प्रमिलेला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला. डॉक्टरांनी दोन्ही कुल्ल्यांत मॅग्नेशियमची इंजेक्शनं दिली. "म्हापसा," ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता. मूल बाहेर काढल्याशिवाय हे थांबायचं नाही." मी अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला हाक मारली आणि लक्ष्मीला म्हटलं, "गुरुदासाक कळय!"

मोबाईल नव्हते. निरोप पाठवायचा तो रस्त्यावरून. लक्ष्मी गेटीकडे धावली आणि खाणीकडे परतणाऱ्या पहिल्या रिकाम्या ट्रकला हात करून ओरडली, "गुरूक सांग रे! ताज्या बायलेक आकडी आयली! बेगीन येवंक सांग!"

आयली म्हणजे आली. लक्ष्मी डिचोलीची, ती आणखी काय म्हणणार? त्या ड्रायव्हरने मान हलवली आणि निघाला. वाटेत समोरून गुरुदासचा भरलेला ट्रक आला. दोघांची इंजिनं धडधडत होती, मागचे हॉर्न मारत होते. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून निरोप ओरडून सांगितला. त्याने काय सांगितलं ते देव जाणे. गुरुदासच्या कानावर पडलं, "तुज्या बायलेक आकडी लायली!"

आयली आणि लायली, आली आणि लावली. एका 'ल'चं अंतर. ते ट्रकच्या आवाजाने खाऊन टाकलं, आणि पोटुशी बाईला तांबी बसवत नाहीत हे गुरुदासला कुठे ठाऊक?

आम्ही प्रमिलेला स्ट्रेचरवरून अँब्युलन्समध्ये घेतलं. मी तिच्या उशाशी बसले, गाडी सुरू झाली, वळली आणि थांबली. गेटीत तांबड्या मातीने भरलेला ट्रक आडवा उभा होता. इंजिन बंद. गुरुदास खाली उतरला, दार आपटलं आणि किल्ली खिशात टाकली.

"कोणाक विचारून लायली?"

मला आधी कळेचना. मी मागचं दार उघडून खाली उडी मारली. "बाजूला घे गाडी! म्हापशाला न्यायचंय तिला!"

"म्हापशां कित्याक? आपरेशन करपाक? हांवें सांगिल्लें तुमकां! सांगिल्लें काय ना?"

"अरे तिला आकडी आयली!"

"लायली म्हूण तूंच सांगता मगो!"

मागे ट्रकांचे हॉर्न. एक वाजला की दहा वाजतात. डॉक्टर धावत आले, तेही ओरडू लागले, "आयली! आयली!" जितक्या मोठ्याने ओरडावं तितकं त्याला वाटे की आम्ही कबूल करतोय, वर छाती काढून कबूल करतोय. तो हाताची घडी घालून ट्रकच्या चाकाला टेकला. रस्त्यावर माणसं जमली. गाडीतून प्रमिलेचा घोरल्यासारखा श्वास मला ऐकू येत होता. पहिल्या झटक्यानंतर असाच श्वास येतो आणि दुसरा केव्हा येईल ते सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते गुलाबी कमळ आलं. मला त्या माणसाचा इतका राग आला की इतक्या वर्षांत शिकलेली डिचोलीची बोली मी विसरले आणि माझ्या आईच्या तोंडची पेडण्याची भाषा बाहेर पडली.

"इली रे मेल्या, इली! लायली नाय, इली! फीट इली तिका! मराक लागल्या ती थंय आणि तू हंय किल्ली घेवन उभो!"

आमच्या पेडण्यात 'आली'ला 'इली' म्हणतात. त्याच्या आधी 'ल' जोडला तरी 'लायली' होत नाही.

हाताची घडी सुटली. "इली?" तो म्हणाला. मग पुटपुटला, "आयली..." आणि अँब्युलन्सच्या दाराशी आला. नेमका त्याच वेळी दुसरा झटका आला. त्याने ते सगळं पाहिलं. वळलेले डोळे, चावलेली जीभ, लुगड्यावर सांडलेलं रक्त. मी तिला कुशीवर धरून ठेवलं होतं. धुळीखाली त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

त्यानंतर त्याने जे केलं ते मी नाकारणार नाही. खिशातली किल्ली काढताना ती त्याच्या हातून दोनदा खाली पडली. ट्रक सुरू केला, पण गेटीतून बाजूला घेऊन थांबला नाही. तो आमच्या पुढे लागला. भरलेला ट्रक, दिवे लावलेले, हॉर्नवरचा हात न काढता उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्यांच्या अंगावर. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तो प्रत्येक ड्रायव्हरला नावाने हाक मारत होता आणि आईबहिणीवरून शिव्या देत होता. अँब्युलन्सला हात जोडणारे तेच ड्रायव्हर त्याला बघून गटारात चाकं घालू लागले. रांग फाटत गेली. मी तिच्या नाडीवर बोट ठेवून देवाचं नाव घेत होते आणि मध्ये मध्ये गुरुदासलाही शिव्या देत होते. दोन्ही तोंडातून एकदमच येत होतं.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने ट्रक कडेला सोडला, मालकाचा माल तसाच टाकून दिला आणि आमच्या गाडीत चढला. तिच्या पायाशी बसला. म्हापसा येईपर्यंत त्याने तिचे सुजलेले पाय दोन्ही हातांनी धरून ठेवले होते.

म्हापशाच्या इस्पितळात तिला लगेच ऑपरेशनला घेतलं. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. आतून एक सिस्टर आली आणि म्हणाली, "चली जाली. ल्हान आसा, पूण रडली."

चली म्हणजे मुलगी. तिसरी. त्याने विचारलं, "आनी ती?"

"अजून सांगता येत नाही."

मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तीन मुलं झाली आहेत, जीव धोक्यात आहे, पोट उघडलेलं आहे. आताच कायमचं ऑपरेशन करून टाकायचं का, असं त्यांनी विचारलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तेव्हा असं विचारायची पद्धत होती. गुरुदास उभा राहिला. डोळ्यांतलं पाणी धुळीतून ओघळत होतं. "करात. किदें जाय तें करात. म्हाका कांयच नाका, ती जाय." जाय म्हणजे हवी.

मी मध्ये पडले. माझा अधिकार नव्हता, पण पडले. "नको. ती शुद्धीवर येऊ दे. तिने मला आकडी हवी म्हणून सांगितलंय, ऑपरेशन हवं असं सांगितलेलं नाही. उद्या तीच सांगेल."

"आनी सांगपाक ती उरली ना जाल्यार?" गुरुदास म्हणाला.

मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मलाच रडू फुटलं. डॉक्टरीणबाई आत गेल्या. ऑपरेशन केलं नाही.

प्रमिला उरली. पहिली रात्र आणि त्यापुढचा दिवस काही खरं नव्हतं, मग हळूहळू लघवी सुटली, रक्तदाब उतरला. चार दिवसांनी मी तिला बघायला गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, पोर कुशीत. गुरुदास जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, उभा होता. आकडीतून उठलेल्या बाईला पुष्कळदा त्या दिवसाचं काही आठवत नाही. तिलाही काजव्यांनंतरचं काही आठवत नव्हतं. तिला ते ऐकायचं होतं आणि नवरा सांगत नव्हता. मग मी सांगितलं, सगळंच. आयली-लायलीची गंमत सांगताना मी जरा रंगवूनच सांगितलं, कारण ती वाचली होती आणि आता हसायला हरकत नव्हती. बाजूच्या खाटांवरच्या बायका पोट धरून हसल्या. गुरुदासही कसनुसं हसला.

प्रमिला हसली नाही. तिने पोरीच्या डोक्यावरचं टोपडं नीट केलं आणि मला विचारलं,

"म्हणजे बाय, तुम्ही खरीच लायली असती, तर ह्यांची गाडी तशीच आडवी रवली असती?"

हसणं थांबलं. तिने प्रश्न मला केला होता, पण उत्तर त्याने द्यायचं होतं. मी गुरुदासकडे पाहिलं. तो जनेलाच्या बाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती. मी पिशवी उचलली आणि येते म्हणाले.

मला वाटलं होतं, आता हे दोघं परत काही केंद्राकडे फिरकत नाहीत. इतकं बोलणं झाल्यावर नवरे नर्सचं तोंड बघत नाहीत आणि बायकोलाही बघू देत नाहीत. सवा महिना झाला. एका सकाळी मी लसींचा डबा उघडत होते, तर प्रमिला दारात. न्हाऊन आलेली, केसांत अबोली, पोर खांद्यावर. पायांची सूज गेली होती. तिचे पाय इतके लहान आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

"लायतास मा?" तिने विचारलं.

"लायतंय." मी पोर लक्ष्मीकडे दिलं आणि हात धुवायला घेतले. तोंडावर ताबा नसणं हा माझा जन्माचा रोग, विचारल्याशिवाय राहवेना. "एकटीच इलंस? घोव खंय?"

"भायर आसत," प्रमिला म्हणाली. "गाडी लायली हा. गेटीत नाय, बाजूक."